जुनं चर्च धोकादायक ठरलं तर: दुरुस्ती, पाडकाम की मधला रस्ता?

स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्ट आला की मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, दोन गट पडतातच. एक म्हणतो आजोबा-पणजोबांनी वर्गणी काढून बांधलेलं मंदिर आहे, एक दगड हलवायचा नाही, दुसरा म्हणतो पाडा आणि डेव्हलपरला बोलवा, खाली हॉल वर चर्च, भाडं पण येईल. मग वर्ष जातं, कुलूप तसंच, आणि तोपर्यंत निम्मी कुटुंबं दुसरीकडे उपासनेला जायला लागलेली असतात. ज्यांच्यावर आत्ता ही वेळ आलीय त्यांनी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चकडे नीट बघावं असं मला मनापासून वाटतं, कारण एकाच शहरात, एकाच भूकंपानंतर, वेगवेगळ्या मंडळ्यांनी वेगवेगळे रस्ते धरले आणि त्यांचं काय झालं ते समोर आहे.

२२ फेब्रुवारी २०११ चा तो भूकंप. १८५ माणसं गेली. मुख्य चौकातल्या अँग्लिकन पंथाच्या कॅथेड्रलचा (बिशपच्या मुख्य चर्चचा) मनोरा कोसळला, नंतरच्या धक्क्यांनी पुढची भिंत पण गेली. २०१२ मधे बिशपनी जाहीर केलं की इमारत उतरवणार, आणि तिथून भांडण सुरू झालं, वारसा जपणारे लोक कोर्टात गेले, प्रकरण पार सुप्रीम कोर्टापर्यंत. अखेर सप्टेंबर २०१७ मधे सिनडने, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधींच्या सभेने, मतदान करून ठरवलं की पुन्हा उभं करायचं. म्हणजे साडेसहा वर्षं नुसता निर्णय व्हायलाच लागली! तेव्हा अंदाज होता १०.४ कोटी न्यूझीलंड डॉलर, सरकार आणि महापालिका दोघांनी मदतीचा हात दिला, पण आत भूकंपरोधक पाया घालायचा, खर्च वाढत वाढत २१.९ कोटींच्या घरात गेला आणि ऑगस्ट २०२४ मधे साडेआठ कोटी कमी पडतायत म्हणून काम थांबवावं लागलं. जुनंच परत हवं म्हणणाऱ्यांची माया मला कळते, पण हा आकडा मीटिंगमधे मोठ्याने वाचून दाखवा.

कॅथलिकांचं कॅथेड्रल १९०५ चं, सुंदर घुमटाचं. तेही मोडलं. २०१९ मधे पाडायचा निर्णय झाला आणि पुढे ते उतरवलंही. हळहळ खूप झाली. पण पाडलं म्हणजे प्रश्न सुटला असं नसतं, नवीन कुठे नि कसं बांधायचं हा प्रश्न पाडल्यानंतरही उरतोच, हे पाडा-पाडा म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

माझं मत विचाराल तर तिसरं उदाहरण सगळ्यात शहाणं, त्याच शहरातलं प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांचं नॉक्स चर्च. विटांच्या भिंती पडल्या पण आतला लाकडी सांगाडा आणि छत तगून राहिलं, मग त्यांनी जे टिकलं ते ठेवलं आणि बाहेरून नवीन मजबूत कवच घातलं. आत गेलात तर जुनंच मंदिर, बाहेरून आजचं. आणि अँग्लिकन कॅथेड्रलचा निर्णयही झाला नव्हता त्याआधी ही मंडळी आपल्या जागेत परत उपासना करत होती.

आता चौथी गोष्ट, जी आपल्याकडे कोणी विचारातच घेत नाही, ती म्हणजे तात्पुरती जागा. जपानी आर्किटेक्ट शिगेरू बान यांनी डिझाइनचे पैसे न घेता पुठ्ठ्याच्या नळ्या, लाकूड आणि शिपिंग कंटेनर वापरून अँग्लिकन मंडळीसाठी सुमारे ७०० माणसांचं तात्पुरतं कॅथेड्रल उभं केलं, ऑगस्ट २०१३ मधे उघडलं पण, आणि तेही दुसऱ्या एका पडलेल्या चर्चच्या जागेवर. मूळ कॅथेड्रलचं काम अडकलं पण मंडळी विखुरली नाही, ती ह्या पुठ्ठ्याच्या छताखाली. एक धडा मात्र महाग पडला, जुन्या कॅथेड्रलच्या विम्याचा पैसा ह्यात वापरता येणार नाही असं कोर्टाने सांगितलं, त्यामुळे वेगळा निधी उभा करावा लागला. आपल्याकडेही दुरुस्तीच्या नावाने घेतलेली वर्गणी तात्पुरत्या शेडला वापरायची असेल तर आधी ट्रस्ट डीड (ट्रस्टचा मूळ दस्तऐवज) वाचा, देणाऱ्यांना विचारा.

आपल्या मुंबईतही दोन्ही टोकं आहेत. फोर्टमधलं सेंट थॉमस १७१८ पासून उभं आहे आणि जपून दुरुस्त केलेलं आहे. दादरचं पोर्तुगीज चर्च मात्र जुनं काढून १९७० च्या दशकात चार्ल्स कोरियांनी पूर्ण नवीन बांधलं, आणि आज लोकांना तेच आपलं वाटतं. म्हणजे नवीन वास्तूवरही जीव जडतो, वेळ द्यावा लागतो इतकंच.

डेव्हलपरवाल्यांसाठी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची जागा विकायला, अदलाबदल करायला, किंवा इमारत वा बिनशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त लीजवर द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. त्यात मिशनच्या काळातल्या जागांचं प्रॉपर्टी कार्डवर नाव एका ट्रस्टचं आणि वापर दुसऱ्या मंडळीचा असं खूप ठिकाणी आहे, ते साफ झाल्याशिवाय कुठल्याही बिल्डरच्या कागदावर सही करू नका, पाळकसाहेबांनाही करू देऊ नका.

मंडळी लहान आणि पैसा कमी असेल तर पूर्ण जीर्णोद्धाराच्या मागे लागू नका. इंजिनिअरला सुरक्षित आहे का एवढंच विचारू नका, काय काय वाचवता येईल ते विचारा, छप्पर, कमान, वेदी, घंटा, आणि त्याचा वेगळा अंदाज लिहून घ्या. सांगाडा चांगला असेल तर नॉक्सवाल्यांसारखं करा, नसेल तर पाडा, पण नवीन प्लॅन आणि निधी हातात आल्यावर. आणि ह्या सगळ्याच्या आधी, येत्या रविवारच्या उपासनेसाठी शाळेचा हॉल, मंडप, शेजारची मंडळी, काय मिळेल ते पक्कं करून टाका आणि तोच पहिला ठराव पास करा.