चार फुटी रिकामी पंचिंग बॅग : सहा महिने बडवून झाल्यावर

ऑनलाइन घेतलेली, सिंथेटिक लेदर, साखळ्या सोबत, 1,350 रुपये. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही कारण तक्रारी आहेत आणि तसंही या रेंजमधल्या सगळ्या बॅगा सारख्याच दिसतात.

आधी एक सांगते, बॅग "रिकामी" येते म्हणजे खरंच रिकामी, बॉक्स उघडला तर घडी घातलेली सतरंजी निघावी तशी निघाली. भरायची आपण. नवरा म्हणाला परत कर, पण भरलेली बॅग मागवली तर ती ऐरोलीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधे कोण चढवणार होतं?

पहिली चूक इथेच केली. एका दुकानात विचारलं तर तो म्हणे रेती टाका मॅडम वजन येईल. टाकली. रेती आठवड्याभरात खाली बसली, वरचा भाग उशीसारखा आणि खालचा सिमेंटच्या पोत्यासारखा, आणि मी उत्साहात एक हुक (कोपरात वाकवलेल्या हाताने बाजूने मारायचा ठोसा) जरा खाली मारला तो बरोब्बर तिथेच लागला. मनगट मुरगळलं, पंधरा दिवस क्रेप बँडेज, पोळ्या नवऱ्याने लाटल्या (नकाशे होते, पण लाटल्या).

मग सगळी रेती काढून कुंड्यांत घातली आणि माझे ब्लाऊज शिवतात त्या टेलरकाकांकडून दोन पोती चिंध्या आणल्या. हेच पहिल्यांदा करायला हवं होतं. चिंध्या निवडून घ्या मात्र, हुक बटणं टाचण्या निघतात त्यात. थोड्या थोड्या टाकायच्या आणि दांडक्याने ठासत जायचं, मी लेकीचा स्टंप वापरला, दोन संध्याकाळी गेल्या. आता वजन 28 किलोच्या आसपास आहे. आपल्या वजनाच्या साधारण अर्धं असावं म्हणतात, माझं 60 म्हणजे ठीकच. दोन-तीन आठवड्यांनी चिंध्या बसतात, परत वरून भराव्या लागतात.

टांगायचं म्हणाल तर फॉल्स सीलिंगला चुकूनही नको. हॉलच्या स्लॅबला ड्रिल मारून अँकर फास्टनर (काँक्रीटमधे घट्ट बसणारा बोल्ट) लावून घेतला, इलेक्ट्रिशियनने आधी पंख्याच्या हुकला टांगू का विचारलं होतं, त्याला नमस्कार. पण स्लॅबमधून आवाज खाली जातो हे डोक्यातच आलं नाही. चौथ्या दिवशी खालचे आजोबा वर आले, "काय गं, रोज सकाळी सहाला मसाला कुटतेस का?" नंतर साखळी आणि हुकच्या मधे स्प्रिंग लावली आणि वेळ संध्याकाळची केली. आवाज कमी झालाय, गेला नाहीये. आजोबा आता बॅगला मसालाच म्हणतात.

सोबत फुकट आलेले ग्लोव्ह्ज सरळ लेकीला खेळायला दिले, आत स्पंज नावालाच होता. वेगळे 12 औंसचे घेतले आणि 180 इंची हँड रॅप्स, म्हणजे ग्लोव्ह्जच्या आत हाताला-मनगटाला गुंडाळायच्या कापडी पट्ट्या. रॅप्स न बांधता बॅगला हात लावू नका, माझं मनगट दुखावलं तेव्हा मी "दोनच मिनिटं मारते" म्हणून बांधले नव्हते.

मारण्याबद्दल थोडं, कारण नवीन माणूस बॅग घेतो आणि सिनेमासारखा तुटून पडतो. ठाण्याला एक महिना बॉक्सिंगच्या बॅचला गेले होते तिथल्या सरांनी पहिले दहा दिवस बॅगच्या जवळ फिरकू दिलं नाही, नुसतं पाय आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), आरशासमोर. तेव्हा राग यायचा पण आता कळतं. बॅग झोपाळ्यासारखी लांब जात असेल तर तुम्ही ठोसा मारत नाही, ढकलताय. ठोसा लागून हात लगेच परत गालाशी आला पाहिजे, मग बॅग जागच्या जागी थरथरते आणि "धप्प" ऐवजी "फट्" असा आवाज येतो. लागायला हवीत तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडं, करंगळीकडची नाही, तिकडची हाडं नाजूक असतात आणि तिथेच फ्रॅक्चर होतं. आणि श्वास! मी पहिल्या राउंडला तो धरूनच ठेवायचे.

राउंड मी 2 मिनिटांचे करते, मधे 1 मिनिट आराम, असे चार. 3 मिनिटांचे जमत नाहीत म्हणून वाईट वाटायचं, मग कळलं की 2012 ला लंडनमधे बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमधे आलं तेव्हा त्यांच्या लढती 2 मिनिटांच्या चार राउंडच्याच होत्या, मेरी कोमचं ब्राँझ त्यातलंच. झालं, त्या दिवसापासून मी ऑलिंपिक फॉरमॅटमधे खेळते असं सांगते.

आता बॅगच्या क्वालिटीवर. शिवण चांगली निघाली, एकही टाका उसवला नाही, हे खरंच कौतुकाचं. पण पावसाळ्यात आमच्याकडे खाडीची दमट हवा, साखळीला गंज आला, वरची झिप अडकली (मेणबत्ती घासली, सरकली), आणि रोज जिथे जॅब लागतो तिथलं लेदर सोलायला लागलंय, आतून कुणाच्या तरी जांभळ्या ब्लाऊजपीसचा काठ दिसतो.

पाचपैकी साडेतीन. अर्धा टेलरकाकांचा, त्यांनी चिंध्यांचे पैसे घेतले नाहीत.