पूरग्रस्तांवरचा ‘नमुना अहवाल’ आणि परत न आलेली अनामत

कोल्हापुरात पत्रकारितेचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना माझी आणि माझ्या काही सहाध्यायांची एका तथाकथित फेलोशिपच्या नावाखाली फसवणूक झाली. अशाच जाहिराती याही वर्षी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

जाहिरात धोरणविषयक पत्रकारितेच्या सहा महिन्यांच्या फेलोशिपची होती. दरमहा विद्यावेतन, दिल्लीत प्रशिक्षण आणि शेवटी प्रमाणपत्र असे तिचे स्वरूप होते. निवडीसाठी प्रत्येकाने आपल्या जिल्ह्यातील एका शासकीय योजनेवर ‘नमुना अहवाल’ लिहायचा होता. आम्हाला २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतरचे पंचनामे व सानुग्रह अनुदान हा विषय दिला गेला. आम्ही शिरोळ तालुक्यातील गावांत फिरलो, अनुदान न मिळालेल्या कुटुंबांशी बोललो, तलाठी कार्यालयातून याद्या मिळवल्या आणि एरवी एखाद्या दैनिकाने वार्ताहर पाठवून करून घेतले असते एवढे काम स्वतःच्या खर्चाने केले. अहवालासोबत मूळ टिपणे, ध्वनिमुद्रणे आणि मुलाखत दिलेल्यांचे मोबाइल क्रमांकही ‘पडताळणीसाठी’ मागितले गेले. निवडपूर्व चाचणीत ही मागणी कोणी करत असेल, तर तिथेच थांबावे. लेखनाची पारख करण्यासाठी लेख पुरेसा असतो, लोकांचे फोन क्रमांक लागत नाहीत.

त्यानंतर निवड झाल्याचे पत्र आले आणि त्यासोबत ४,५०० रुपयांची ‘परत मिळणारी अनामत’ भरण्याची सूचना आली. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतची होती. यूपीआयवर पैसे पाठवताना संस्थेऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसत होते. विचारल्यावर ते लेखापालांचे खाते असल्याचे सांगण्यात आले. पैसे गेल्यावर प्रशिक्षण दोनदा पुढे ढकलले गेले आणि मग फोन बंद झाले.

दरम्यान आमचा अहवाल संपादित होऊन एकदा परत आला होता, आणि त्यात पंचगंगेची धोका पातळी ३९ फूट अशी ‘दुरुस्त’ केलेली होती. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे पावसाळ्यात रोज आकडा विचारणाऱ्या कोल्हापूरकराला कोणी शिकवावे लागत नाही. स्वतःला पूरधोरणाचे अभ्यासक म्हणवणाऱ्या संपादकाने ही चूक करावी, याचा अर्थ अहवाल तपासणारा माणूस तिथे नव्हताच. पुढे आमची माहिती, त्याच चुकीसह, एका खासगी सल्लागार अहवालात आमच्या नावाविना छापलेली आढळली.

माझ्या मते खरी लूट ही होती. अनामत हा वरचा नफा. विद्यार्थ्यांकडून फुकटात गोळा केलेले क्षेत्रकार्य हा मुख्य माल. म्हणूनच जे ‘मी पैसे भरले नाहीत, वाचलो’ असे म्हणतात, त्यांचेही नुकसान झालेले असू शकते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखनाचा पहिला हक्कदार सामान्यतः लेखक असतो आणि हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते; नोकरीच्या करारात केलेल्या कामाचे नियम वेगळे आहेत, पण आम्ही कोणाचे नोकर नव्हतो आणि कशावरही सही केली नव्हती.

खऱ्या संधींची पद्धत पाहिली की फरक कळतो. संसद व विधिमंडळांच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस संस्थेच्या लॅम्प फेलोशिपमध्ये तरुण पदवीधर खासदारांसोबत काम करतात आणि विद्यावेतन त्यांना मिळते. नीती आयोगाची इंटर्नशिप बिनपगारी आहे, आणि ते आधीच सांगितलेले असते. राज्याच्या मुख्यमंत्री फेलोशिपच्या अर्जाला ५०० रुपये शुल्क असते, त्यामुळे ‘शुल्क मागितले की फसवणूक’ हा सरळ नियम चालत नाही. मात्र ते शुल्क जाहिरातीतच छापलेले असते आणि अर्जासोबतच घेतले जाते. निवड जाहीर झाल्यावर, तीही घाईने, खासगी खात्यावर मागितलेली रक्कम ही वेगळी गोष्ट आहे. संस्था कंपनी असल्याचे सांगत असेल, तर तिची नोंदणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येते. आमच्या पत्रावरील नोंदणी क्रमांक तिथे सापडला नाही.

पैसे गेल्याचे लक्षात येताच सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर, १९३० वर, फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी गोठवण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच जास्त असते. आमच्या बाबतीत तो वेळ निघून गेला होता. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून पोलीस ठाण्यात जबाब दिला आहे, रक्कम अद्याप मिळालेली नाही. मुलाखत दिलेल्या कुटुंबांना आम्ही स्वतः फोन करून, अनुदान मंजुरीच्या नावाने कोणी ओटीपी मागितल्यास देऊ नये, असे कळवले. ज्यांनी अशा ‘चाचणी’साठी अहवाल पाठवला असेल, त्यांनी पाठवल्याचा ईमेल, मूळ फाइल आणि निवडपत्र जपून ठेवावे, आणि आपल्या गावातील माहिती देणाऱ्यांना आधी सावध करावे.