एआरटी सुरू असताना आधार केंद्राचा अनुभव (सोलापूर)

मला एचआयव्ही आहे. आधार केंद्र म्हणजे एचआयव्ही असलेल्यांना मदत करणारं केंद्र; ते चालवणारी संस्था देशपातळीवरची आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखीचे लोक वाचतात.

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सरकार २००४ पासून फुकट देतंय आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण मागे रांग उभी असताना समुपदेशकाला किती विचारणार? म्हणून आधार केंद्रात नाव घातलं. इथल्या ताई स्वतः तीच गोळी घेतात, सगळा फरक त्याने पडतो. टीएलडी, तीन औषधं एकात, रोज एक.

मी युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला आहे. शाळांच्या ऑर्डरी आल्या की जेवणाचं काही खरं नसतं, त्यामुळे ॲसिडिटीच्या गोळ्या चघळायची सवय लागलेली. ताईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा हे निघालं. त्या गोळ्यांमुळे टीएलडीतलं डोल्युटेग्राविर अंगी लागत नाही. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी नाहीतर सहा तासांनी घ्यायची. लोह, कॅल्शियमचंही तेच, फक्त जेवणासोबत घेतली तर दोन्ही एकदम चालतात. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि डबी पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका, हेही त्यांनीच सांगितलं. सोलापूरचा मे महिना औषधालाही सोसत नाही.

आमचं घर पूर्व भागात. आईला मराठी येतं, पण दुखण्याखुपण्याचं ती तेलुगूतच बोलते. तिने माझं ताट-तांब्या फडताळात वेगळं काढलं होतं. ताई आल्या, तिच्याशेजारी खाली बसून तेलुगूत बोलल्या, आणि जाताना त्याच तांब्यातलं पाणी प्यायल्या. आता ताट सगळ्यांत आहे. (गल्लीत त्या 'बचत गटाच्या बाई' आहेत. आमच्याकडे चौकशा फार.)

सहा महिन्यांनी व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती ते बघायची तपासणी) केला, विषाणू सापडला नाही. असंच राहिलं, गोळी चुकली नाही, तर संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. घरात लग्नाचा विषय निघतोय, त्यामुळे हे तीनदा विचारून घेतलं. मुलीला आधी सांगायचंच, यावर मात्र ताई ठाम.

आता खटकणारं. गटाची बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला. रोजंदारीवाल्याने यायचं कसं? रविवारी घ्या म्हणून सांगितलंय, अजून 'बघू' चाललंय. कार्यकर्ते टिकत नाहीत. नवीन माणूस आला की सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून. संजय गांधी निराधारचा अर्ज ते नीट भरून देतात, पण वर्षाला २१ हजार उत्पन्नाच्या अटीत बसणार कोण? अर्थात तो दोष त्यांचा नाही.

कारखान्यात रक्ततपासणीची कुजबुज झाली तेव्हा ताईंनी २०१७ च्या कायद्याची मराठी प्रत दिली. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची सक्ती करता येत नाही, त्यात स्पष्ट आहे. ती माझ्या पेटीत आहे, अजून दाखवावी लागलेली नाही.

नाव नोंदवताना फोन नंबर स्वतःचाच द्या. मी भावाचा दिला असता तर आठवणीचे सगळे फोन त्याला गेले असते. कुठे जायचं कळत नसेल तर आधी १०९७ लावा, फुकट आहे आणि नाव सांगावं लागत नाही.