सिंदखेडराजा की म्हैसूर?

सोयाबीन निघालं की आईला राजवाडा दाखवायचाय, पण कोणता? भाचा विचारत होता. मेहकरहून सिंदखेडराजा म्हणजे सकाळी भाकरी बांधून निघा, धारा काढायला घरी. खर्च एसटीचा तेवढा. म्हैसूरला येण्याजाण्यातच दोन-तीन दिवस, मुक्काम वेगळा.

देखणेपणात मात्र म्हैसूरच. १८९७ साली जुना लाकडी वाडा जळाला, नवा १९१२ मध्ये पूर्ण झाला. रंगीत काचांचं छत, रविवारी संध्याकाळी दिव्यांचा झगमगाट. चपला बाहेर काढून बरंच चालावं लागतं, बरं का. इकडे दगडी दरवाजा, पडक्या भिंती आणि १५९८ साली जिजाऊ जन्मल्या ती जागा. बायका उंबऱ्याला हात लावून कपाळी नेतात. १२ जानेवारीला जाल तर मुंगीलाही वाट नाही.

आईचे गुडघे दुखत असतील तर सिंदखेडराजा. पोरांसाठी म्हैसूर, तेही कापसाचे पैसे आल्यावर.