गीझरला टायमर लावायचा की इन्स्टंट गीझर घ्यायचा? टीओडी सवलतीचा हिशेब

महावितरणने जुलै २०२५ पासून टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वेगळा दर लावणारा) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर केली. तेव्हापासून ठाण्यात, नवी मुंबईत ज्याच्या त्याच्या डोक्यात एकच कल्पना येते: २५ लिटरचा गीझर दुपारी टायमरवर तापवून ठेवायचा आणि पाणी नंतर वापरायचं.

कल्पना ब्रिटनमध्ये जुनी आहे. तिथे १९७८ पासून ‘इकॉनॉमी ७’ या दरात रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळते. खोली गरम ठेवणाऱ्या स्टोरेज हीटरची वायरिंग वेगळ्या सर्किटवर असते. त्या सर्किटला फक्त रात्री वीज येते, आतल्या जड विटा तापतात आणि दिवसभर खोली उबदार ठेवतात. आपल्याकडे दिवसा सौर वीज भरपूर, म्हणून सवलत दिवसाची. पण त्याहून मोठा फरक वेगळाच आहे. तिथे हीटरमधून झिरपणारी उष्णता खोलीतच राहते, म्हणजे ती वाया जात नाही. ठाण्यात गीझरमधून झिरपलेली उष्णता बाथरूमच्या माळ्यावर जाते आणि तिथे ती कुणालाच नको असते.

आता पैशांचं बघू. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण १ युनिट लागतं. २ किलोवॉटच्या गीझरला अर्धा तास. म्हणजे एका टाकीमागे सवलत जास्तीत जास्त रुपयाभर. गीझरच्या स्टार लेबलवर २४ तासांत टाकीतून किती उष्णता जाते तेही छापलेलं असतं. समजा तो आकडा ०.५ युनिट आहे आणि युनिट १० रुपयांना पडतंय. तासाला २० पैसे गळाले. पाच तासांत सवलत संपली! ५ वाजता तापलेलं पाणी रात्री ८ ला लोकलमधून उतरून आलेल्याने वापरलं तर ४० पैसे वाचतात. तेच पाणी सकाळी ६ च्या अंघोळीसाठी ठेवलं, तर १ रुपया वाचवायला २ रुपये ६० पैसे घालवलेत.

त्यामुळे फक्त सवलतीसाठी टायमर बसवू नका. टायमरचा खरा फायदा दुसरा आहे: गीझर दिवसभर चालू राहत नाही. ‘बंद केलास का?’ हा प्रश्न ज्या घरात रोज विचारला जातो, तिथे टायमर जरूर लावा, आणि अंघोळीआधी अर्धा-पाऊण तास चालू होईल असा लावा. सवलतच हवी असेल तर आजी-आजोबांची अंघोळ आठऐवजी नऊनंतर करा आणि वॉशिंग मशीनचा गरम पाण्याचा कार्यक्रम दुपारी लावा. त्यात गळतीही नाही आणि वायरमनही नाही.

इन्स्टंटमध्ये साठवण नगण्य, म्हणून गळतीही नगण्य. ३ किलोवॉटचा इन्स्टंट पाणी १५ अंशांनी तापवायला मिनिटाला जेमतेम ३ लिटर देतो. ठाण्याच्या थंडीत बादलीला तेवढं पुरतं, १५ लिटरची बादली पाच मिनिटांत भरते. शॉवरखाली उभं राहणाऱ्याला मात्र ती धार केविलवाणी वाटेल. एकापाठोपाठ चार जणांना अंघोळ करायची असेल किंवा शॉवरच हवा असेल तर टाकीवाला स्टोरेज गीझर. वन बीएचके, दोन माणसं, बादली असं असेल तर माझं मत सरळ इन्स्टंटला. उंच इमारतीत प्रेशर पंप असेल तर कुठल्याही गीझरवर ८ बार दाबाचा आकडा बघूनच घ्या. घोडबंदर रोडला टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर कॉइलवर क्षार बसणारच, टाकीला गंजापासून वाचवणारा अ‍ॅनोड रॉडही अधूनमधून तपासायला लावा.

गॅस गीझर स्वस्त पडू शकतो, पण खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडमुळे जीव जाऊ शकतो. तो पर्याय मी मोजतच नाही.

वायरिंगमध्ये काटकसर नको. २ किलोवॉटला सुमारे ९ अँपिअर लागतात, ३ ला १३. डीबीपासून (घरातल्या मुख्य स्विचबोर्डापासून) गीझरपर्यंत स्वतंत्र लाइन, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, लांब अंतराला ४ ची. सोबत जास्त करंट गेला की पडणारा १६ अँपिअरचा एमसीबी, करंट गळला की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि मोजून घेतलेलं अर्थिंग. टायमर डीबीत एमसीबीच्या शेजारी बसवा, बाथरूमच्या वाफेत नको. तोही १६ अँपिअरचा, आणि आत बॅटरी असलेला, नाहीतर लाइट गेली की घड्याळ मागे पडतं. ३ किलोवॉटला टायमरने थेट लोड चालवण्यापेक्षा मधे कॉन्टॅक्टर (मोठा लोड चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) घाला. सिडकोच्या जुन्या घरात अजून मूळ वायरिंग असेल तर आधी ती बदला, गीझर नंतर. आणि टायमर बहुधा फक्त फेजची वायर तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते, आणि साधा सिंगल पोल एमसीबीही तेवढंच करतो, म्हणून गीझर उघडताना टायमर ‘ऑफ’ दिसला तरी एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही पाडायचे.