वस्तऱ्याचा टवका: उद्यमनगरचं चाक का घरचा दगड?
भावांनो, वस्तऱ्याच्या धारेचा टवका उडाला की कोल्हापुरात पहिलं उद्यमनगरच (छोट्या कारखान्यांची वसाहत) आठवतं, तिथं ग्राइंडरवर टवका पटकन जातो हे खरंय, पण वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की कोरड्या चाकावर लगेच तापते, निळी पडली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, गेला, मग धार टिकतच नाही. माझं मत दगडालाच. पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढं ठेवून घासायचं, टवका जाईपर्यंत १००० ग्रिटचा दगड (आकडा मोठा तितका दगड बारीक), मग ३०००, ८०००, शेवटी चामड्याचा पट्टा, तिथं मात्र पाठ पुढं. वेळ लय जातो, पण कोन पाठच सांभाळते. पाठीला इलेक्ट्रिकची टेप लावा, नाहीतर तीही झिजते. टवका मिलिमीटरभर खोल असेल तरच चाक, तेही पाण्यावरचं आणि वस्तऱ्यावर हात बसलेल्या माणसाकडंच.