हीटर लावला की वास येतो: फिल्टर, फोम की डॅशबोर्ड खोलायचा?

थंडी पडली किंवा पावसाळ्यात घाटात काच धुरकटली की एरवी बंद असलेला हीटर लावला जातो आणि गाडीभर वास सुटतो. गॅरेजवाले यावर नव्या फिल्टरपासून अख्खा डॅशबोर्ड उतरवण्यापर्यंत काहीही सुचवतात. पैसे मोजण्याआधी दोन मिनिटांची एक चाचणी घ्या. हीटर चालू ठेवून आधी बाहेरची हवा आत घ्या, मग रिसर्क्युलेशनचं, म्हणजे आतलीच हवा फिरवत ठेवण्याचं बटण दाबा. वास कमी झाला तर तो बहुधा बॉनेटखालून येतोय. तसाच राहिला किंवा वाढला तर मूळ डॅशबोर्डच्या आत आहे.

कुबट वास

न वाळलेल्या कपड्यांसारखा वास आला तर दोष हीटरचा नसतो. ब्लोअरची हवा आधी एसीच्या कूलिंग कॉइलमधून आणि मग हीटर कॉइलवरून, म्हणजे इंजिनच्या गरम कूलंटने तापणाऱ्या कॉइलवरून जाते. कूलिंग कॉइलवर पाणी साचतं, त्यावर धूळ बसते, बुरशी धरते. म्हणून एसीची घाण हीटर लावल्यावरही नाकाला जाणवते.

इथे पर्याय तीन. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, बदलणं सर्वांत स्वस्त. काही शे रुपयांत होतं. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो आणि घरीच बदलता येतो. हवेच्या दिशेचा बाण तेवढा बरोबर बसवा. जुना फिल्टर ओला, काळा किंवा पानांनी भरलेला निघाला तर निम्मं काम झालं. पण कूलिंग कॉइलवर बुरशी असेल तर नवा फिल्टर घालूनही वास येतच राहतो. कार्बनचा महाग फिल्टर घेतला तरी फरक पडत नाही, कारण बहुतेक गाड्यांत फिल्टर कॉइलच्या आधी असतो.

दुसरा पर्याय फोम क्लीनरचा. बहुतेक कुबट वासांवर आम्ही हाच सुचवू, आणि त्याच दिवशी नवा फिल्टरही. इंजिन आणि ब्लोअर बंद करा, फिल्टर काढा आणि कॅनची लांब नळी थेट कॉइलपर्यंत नेऊन फोम सोडा. ब्लोअरच्या मोटरवर आणि वायरिंगच्या कनेक्टरवर तो जाऊ देऊ नका. 15 ते 20 मिनिटांत फोम विरघळून गाडीखालच्या ड्रेन पाइपातून मळकट पाणी गळायला हवं. मग सगळी दारं उघडी ठेवून आधी थंड हवेवर ब्लोअर चालवा, कारण कॅनमधला गॅस बऱ्याचदा ज्वलनशील असतो. त्यानंतर एसी बंद ठेवून हीटर पूर्ण गरम करा आणि दहा मिनिटं कॉइल वाळू द्या. सुगंधी स्प्रे वास झाकतो, बुरशी काढत नाही. ब्लीचने ॲल्युमिनियमची कॉइल खराब होते.

पाणी गळलंच नाही तर ड्रेन तुंबलाय. पुढच्या सीटखालचा गालिचा ओला लागणं हीही त्याचीच खूण. ड्रेन लवचिक नळीने किंवा हलक्या हवेच्या दाबाने मोकळा करा. कडक तार खुपसली तर कॉइललाच भोक पडू शकतं. ड्रेन तुंबलेला असेल तर फोमचे कितीही कॅन रिकामे केले तरी वास परत येणार.

तिसरा पर्याय म्हणजे डॅशबोर्ड उतरवून कॉइल धुणं. खर्च काही हजारांत, शिवाय क्लिपा तुटून पुढे डॅशबोर्ड करकरण्याचा धोका. फोम आणि ड्रेन दोन्ही करूनही वास राहिला, किंवा आत उंदराचं घरटं सापडलं, तरच या वाटेला जा.

गोडसर वास

हा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा वास. सोबत काचेवर आतून पुसूनही न जाणारा तेलकट थर, चिकट गालिचा आणि टाकीत घटणारं कूलंट दिसलं तर हीटर कॉइल गळतेय. पातळी इंजिन थंड असतानाच पाहा. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, त्यामुळे हे लांबणीवर टाकू नका. मात्र आधी होजचे (कूलंटच्या रबरी नळ्यांचे) क्लॅम्प तपासून घ्या. कधी कधी गळती तिथेच असते.

गळती बुजवणारं द्रव्य टाकणं स्वस्त वाटतं, पण ते हीटर कॉइलच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबवू शकतं. आम्ही ते टाळू. दुसरा तोडगा बायपासचा. त्यात हीटर कॉइल वगळून इंजिनकडचे दोन्ही होज बॉनेटखालीच एकमेकांना जोडतात. गळती लगेच थांबते, हीटर मात्र जातो. मुंबईत किंवा कोकणात काचेवरचं धुकं काढायला एसी पुरतो, म्हणून तिथल्या जुन्या गाडीला हा तोडगा चालतो. नाशिकच्या थंडीत रोज पहाटे निघणाऱ्याने कॉइलच बदलावी. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरी कॉइलच्या किमतीपेक्षा जास्त होते. त्याच वेळी होज आणि क्लॅम्प नवे घाला, आणि कूलंट भरल्यावर सिस्टिममधली हवा काढून घ्या. हवा अडकली तर इंजिन तापतं.

बाकीचे वास

हंगामात पहिल्यांदा हीटर लावल्यावर येणारा धुळीचा करपट वास 10-15 मिनिटांत जात असेल तर काही करू नका. जळक्या तेलाचा वास बहुधा टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) गळक्या गॅस्केटमुळे. तेल गरम एक्झॉस्टवर ठिबकतं. गॅस्केट बदलून इंजिन पुसलं की भागतं. वायपरखालच्या जाळीत मेलेला उंदीर असेल तर कुठलाही स्प्रे उपयोगाचा नाही, तो काढावाच लागतो.

धुराचा वास आत येत असेल तर काचा खाली करा आणि एक्झॉस्ट दुरुस्त होईपर्यंत गाडी वापरू नका. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे किती आत शिरलाय ते नाकाला कळत नाही. पेट्रोलचा वास आला तर इंजिन बंद करून गाडी टो करूनच न्या.